खोताच्या वाडीतला अंबाडीचा बाक

मित्रांनो, माझ्या तुळतुळीत अंगावर जाऊ नका. मी एक जुना बाक आहे. बाक म्हणून माझं वय फार नाही, पण त्याआधी मी एका मोटारीच्या दारात अख्खा जन्म काढला आहे, आणि त्याच्याही आधी शेतात वाऱ्यावर डोललो आहे. आता गिरगावात, खोताच्या वाडीत, क्रुसाच्या समोर भिंतीला पाठ लावून असतो.

माझी आई अंबाडी. तिची आंबट पानं तुम्ही भाकरीबरोबर भाजी म्हणून खाता, आणि तिच्या खोडाच्या सालीतून निघतो तो वाख, ज्याचे दोर वळतात. माझा बाप प्लास्टिक. दोघांचं तसं काहीच जुळणारं नव्हतं. एक शेतातली, दुसरा कारखान्यातला. पण गरम साच्यात दाब पडला तेव्हा प्लास्टिक वितळून वाखाच्या धाग्याधाग्यात शिरलं, आणि थंड झाल्यावर दोघांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवलं. वाखानं बळ दिलं, प्लास्टिकनं आकार दिला आणि मी जन्मलो. मी होतो मोटारीच्या दाराचं आतलं अस्तर. मेकॅनिक मंडळी मला डोअर पॅड म्हणत. नाव फारसं प्रेमळ नाही, पण काम मानाचं होतं.

ज्या गाडीत मला बसवलं, तिचे मालक एडवर्ड परेरा. परळच्या एका गिरणीत ते फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर लोकांच्या मोटारी दुरुस्त करता करता त्यांनी एक स्वतःसाठी घेतली आणि तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. दर रविवारी ते मला ओल्या फडक्यानं पुसायचे, लगेच कोरड्या फडक्यानं टिपायचे. माझ्या बाजूला बसायच्या त्यांच्या पत्नी जसिंताबाई. त्या गाडीत बसल्या की गप्प म्हणून राहायच्या नाहीत. सिग्नलला गाडी थांबली की एडवर्डना गाडी कशी चालवावी ते शिकवायच्या, आणि गाडी सुटली की प्रार्थनेची गाणी गुणगुणायच्या. वाडीतल्या बायका म्हणत, मे महिन्यात क्रुसापाशी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगावी तर जसिंतानंच. हे कौतुक मी दारात बसून कितीदा ऐकलं आहे, आणि ऐकताना उगाच माझीच कॉलर ताठ व्हायची.

पण गाड्यांनाही म्हातारपण येतं. एडवर्डच्या हाताला कंप सुटला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. गाडी वाडीबाहेर उभी राहिली ती राहिलीच. काचेच्या रबराला चीर पडून पाणी आत झिरपू लागलं. माझी खालची कड फुगली, चिकटवलेलं कापड सुटलं. कोणी आलं की म्हणायचं, "अंकल, गाडी काढून टाका आता." शेवटी एडवर्डनी मन घट्ट केलं.

भंगारवाला आला. पत्रा त्यानं हसत घेतला. टायर, काचा, इंजिन, तारासुद्धा घेतल्या. माझी पाळी आली तेव्हा त्यानं मला वाकवून पाहिलं, नखानं खरवडलं आणि बाजूला भिरकावून दिलं.

"अंकल, ये ना प्लास्टिक है, ना लकडी. कौन लेगा? कचरे में डालो."

मित्रांनो, हातोडा लागला असता तरी चाललं असतं, पण ते बोलणं फार लागलं. मी दोन्ही होतो म्हणूनच इतकी वर्षं टिकलो, आणि दोन्ही होतो म्हणूनच आता कोणाला नको होतो. एडवर्डना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला आणि माझ्या तिघा भावांना, म्हणजे उरलेल्या तीन दारांच्या अस्तरांना, काखेत मारलं आणि घरी आणून जिन्याखाली उभं केलं. जसिंताबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "गाडी गेली, तिची दारं राहिली. उद्या हॉर्न पण आणशील!"

जिन्याखाली माझे दिवस धूळ खात चालले होते, आणि तिकडे क्रुसापाशी एक वेगळीच पंचाईत झाली. तिथं एक जुना लाकडी बाक होता. मे महिन्यात रोज संध्याकाळी वाडीतली माणसं क्रुसाभोवती जमून रोझरी म्हणतात. जसिंताबाई सांगणार आणि बाकीचे मागून म्हणणार, अशी रीत. म्हाताऱ्या बायका बाकावर ओळीनं बसायच्या, तरणीताठी मंडळी उभी राहायची. त्या बाकाचे लोखंडी पाय धडधाकट होते, पण फळ्या वाळवीनं आतून पोखरून टाकल्या. एप्रिलच्या सुरुवातीला कोणीतरी नुसता हात टेकला आणि फळीचा भुसा झाला.

जसिंताबाईंचे गुडघे तोवर कामातून गेले होते. उभं राहणं जमेना, खाली बसणं तर सोडूनच द्या. आदल्या वर्षी प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय फाकून त्या फरशीवर आपटल्या होत्या, तेव्हापासून तसली खुर्ची पाहिली तरी त्या दोन पावलं मागं सरकत. एडवर्ड म्हणाले, "घरातली लाकडी खुर्ची नेऊन ठेवतो ना, मॅन, त्यात काय एवढं?"

"आणि मी एकटी खुर्चीत बसू? रमाबाई, नलू, सगळ्या म्हाताऱ्या उभ्या, आणि मी राणीसारखी बसून रोझरी सांगू? मना नाय जमायचं. बसू तर सगळ्या बसू. नायतर या वर्षी मी वरूनच खिडकीतून ऐकीन."

खिडकीतून ऐकीन, असं त्या ठसक्यात म्हणाल्या खऱ्या, पण नंतर बराच वेळ भांडी घासत राहिल्या, आणि ती भांडी आधीच घासलेली होती. एडवर्डना ते दिसलं. मलाही दिसलं.

दोन दिवसांनी लालबागहून दत्ताराम तावडे आले. ते एडवर्डचे गिरणीतले दोस्त. विणकाम खात्यात मागावर काम केलेले, मूळचे मालवणकडचे, आणि कुठल्याही गोष्टीबद्दल ठाम मत असलेले. त्यांची मुलगी रुपाली प्लास्टिकचं शिक्षण घेऊन लालबागमध्ये एका गाळ्यात छोटंसं युनिट चालवत होती. माझ्यासारखी वाख घातलेली, टाकून दिलेली अस्तरं दळायची, वितळवायची आणि त्यांच्या कुंड्या, ट्रे असल्या वस्तू करायच्या, हे तिचं काम. दत्ताराम तिथं मदतीला असत. निदान ते त्याला मदत म्हणत.

बाकाची हकिकत ऐकली, जिन्याखाली आम्हा चौघांना पाहिलं आणि दत्तारामांनी मांडीवर थाप मारली. "वैनी, तुमचो बाक हयच उभो असा! ह्येंचे फळये करूक सांगतंय रुपालीक. वाळवी दात मोडून घेतली, पण खावची नाय."

रुपालीनं येऊन आम्हाला उलटंपालटं केलं. तिनं मला कचरा म्हटलं नाही. "अंबाडी आहे ही. मस्त माल आहे," म्हणाली. मित्रांनो, कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्या आईचं नाव घेतलं होतं. मग ती जसिंताबाईंना म्हणाली, "आंटी, आजवर मी बाकाची फळी केलेली नाही, खोटं कशाला सांगू? पण मेच्या एक तारखेच्या आधी द्यायचा प्रयत्न करते."

लालबागच्या गाळ्यात माझे तुकडे झाले. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. खरं सांगतो, जिन्याखालच्या धुळीपेक्षा कमी दुखलं. कापताना वाख आखूड होतो, म्हणून आमचं बळ थोडं घटतं. त्याची भरपाई म्हणून रुपालीनं थोडा नवा वाख आणि थोडं नवं प्लास्टिक काढून ठेवलं. आच किती द्यायची तेही तिनं वडिलांना समजावलं. प्लास्टिक वितळलं पाहिजे, पण वाख करपता कामा नये. दत्तारामांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

संध्याकाळी रुपाली घरी गेली आणि दत्ताराम आमच्या ढिगापाशी बसले. त्यांनी मूठभर तुकडे हातात घेतले, त्यातून बाहेर डोकावणारा वाखाचा धागा चिमटीत धरून ओढला. धागा कट्‌ करून तुटला. त्यांचा चेहरा उतरला. गिरणीत मागावर उभं राहिलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही, की सूत कोरडं पडलं तर तुटतं. म्हणून तर विणकाम खात्यात बारा महिने पाण्याचे तुषार सोडून हवा दमट ठेवत. दत्तारामांनी उभं आयुष्य तुटकं सूत सांधलं होतं, आणि इथं तर वैनींच्या बसण्याचा प्रश्न होता. त्यांनी बादली उचलली आणि आमच्यावर पाणी शिंपडलं. शिंपडून समाधान झालं नाही तेव्हा दुसरी बादली ओतली आणि वर गोणपाट झाकून ठेवला. "आता बघ कसो मऊ होता तो," असं मला प्रेमानं म्हणाले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाबा, हे करू नका. पण आम्हा वस्तूंचं बोलणं तुम्हाला गोष्टीतच ऐकू येतं.

सकाळी रुपालीनं घाई असल्यानं वरवरचे तुकडे चाचपले. गोणपाट दत्तारामांनी पहाटेच काढला होता, म्हणून ते वाऱ्यानं सुकले होते. आम्हाला आचेवर घेतलं आणि आमच्या पोटात गडबड सुरू झाली. वाखानं प्यायलेल्या पाण्याची वाफ झाली आणि ती बाहेर पडायला वाट शोधू लागली. दाबाखालून पहिली फळी निघाली ती पुरीसारखी फुगलेली. अंगभर फोड. रुपाली बुचकळ्यात पडली, पण दत्ताराम म्हणाले, "दिसण्यार काय असा गो? बसान बघूक व्हया." त्यांनी फळी दोन विटांवर ठेवली, धोतर सावरावं तशी पँट सावरली आणि ऐटीत बसले. क्षणभर सगळं ठीक होतं. मग मी मधोमध मोडलो आणि दत्ताराम जमिनीवर.

रुपालीनं आधी त्यांना उठवलं, मग मोडलेली कड नीट पाहिली. आत बारीक बारीक भोकं होती. तिनं ढिगात खोलवर हात घातला.

"बाबा, हे ओलं आहे. पाणी कोणी घातलं?"

दत्ताराम लपवणारे नव्हते. "मिया घातलंय. सूत तुटत होता गो."

रुपाली चिडली नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. ती खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, मागावर तुमचं बरोबरच होतं. तिथं सुताला पाणी लागतं. इथं वाख आणि प्लास्टिक यांनी एकमेकांना धरायचं असतं. मध्ये पाणी राहिलं तर वाफ होऊन दोघांना लांब ढकलतं. हे सगळं पुन्हा दळून, कडकडीत वाळवून घ्यावं लागेल. आणि आपली वाळवायची भट्टी तर एवढीशी, त्यात एका वेळी ताटभर माल मावतो. एवढा ओला ढीग एक तारखेच्या आत कसा वाळवू?"

  दत्तारामांना भट्टीचं दुःख नव्हतं. आपण वैनींना शब्द दिला आणि आपल्याच हातानं तो मोडला, हे त्यांना खात होतं. ते तसेच उठले, गिरगावात आले आणि जसिंताबाईंच्या अंगणाच्या तोंडाशी उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"वैनी, तुमचो बाक माझ्यामुळे नासलो. सगळो माल ओलो करून ठेवलंय. ह्या वर्षाक काय खरा नाय."

जसिंताबाई अंगणात स्टुलावर बसून काठीनं चटईवरच्या मिरच्या पसरत होत्या. वाडीतल्या ख्रिस्ती घरांत एप्रिल-मे म्हणजे बाटलीतल्या मसाल्याचे दिवस. वर्षाचा मसाला याच उन्हात वाळवून, भाजून, कुटून बाटल्यांत ठासून भरतात. त्यांनी वर पाहिलं.

"ओला झाला म्हणजे? जळला तर नाय ना?"

"जळूक नाय. पण वाळवतलो खय?"

"खय म्हणजे? ऊन काय तुमच्या लालबागला येकट्याला हाय? आण इथं. चटया मी देते. मिरच्या दोन दिवसांत खडखडीत होतात, तुझे तुकडे काय मोठे लाट साहेब लागून गेले?"

आणि मग मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस आले. मोडकी फळी रुपालीनं पुन्हा दळली आणि आम्ही सगळे गोणीत भरून खोताच्या वाडीत आलो. अंगणात एका बाजूला लालभडक मिरच्या, दुसऱ्या बाजूला राखाडी रंगाचे आम्ही. समोरच्या रमाबाई दुपारची झोप सोडून आम्हाला काठीनं खालीवर करायच्या. "काय वाळत घातलंय?" असं येणारा-जाणारा विचारी, आणि जसिंताबाई ठसक्यात सांगत, "बाक वाळत घातलाय." दत्ताराम रोज सकाळी येऊन छत्री उघडून आमच्या उशाशी बसत. कावळा आला तर हाकलत, ढग आला तर त्याच्याकडे रागानं पाहत. पण कोणी चहा घ्यायला बोलावलं तरी जागचे हलत नसत. रुपाली संध्याकाळी मूठभर तुकडे नेऊन वजन करून बघायची, कारण वजन उतरायचं थांबलं म्हणजे पाणी संपलं. शेवटचा हात तिनं आपल्या चिमुकल्या भट्टीतून ताटताट करून फिरवला.

एक घोटाळा मात्र झालाच. दुपारच्या वाऱ्यानं मिरच्यांची पूड, बिया आणि काही तुकडे आमच्यात मिसळले होते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आम्ही आचेवर चढलो आणि गाळ्यात जो काही खकाणा उठला! रुपाली खोकत बाहेर पळाली, मदतीला आलेले एडवर्ड शिंकत बाहेर, शेजारच्या गाळ्यातले लोक "काय जाळताय रे?" म्हणून ओरडत बाहेर. आत राहिले फक्त दत्ताराम. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण दाबाच्या यंत्राचा दांडा त्यांनी सोडला नाही. "ह्यावेळेक सोडूचंय नाय," एवढंच नाकातून म्हणत होते.

एकेक फळी बाहेर आली ती सपाट. रुपालीनं बोटाच्या पेरानं ठोकली तेव्हा माझ्या अंगातून खणखणीत आवाज आला. मी परत एकसंध झालो होतो, मित्रांनो, आणि मला किती आनंद झाला हे मी काय सांगू! एडवर्डनी जुन्या लोखंडी पायांवर मला स्क्रूनं पक्कं केलं. हात कापत होते म्हणून स्क्रू फिरवला रुपालीनं, आणि सूचना दिल्या एडवर्डनी. कापलेल्या कडांना रंग देऊन पाण्याची वाटही बंद केली.

एक मेची संध्याकाळ आली. क्रुसाला झेंडूचे हार घातले होते, मेणबत्त्या लावल्या होत्या. जसिंताबाई एडवर्डचा हात धरून जिना उतरून आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. सगळे थांबले. खुर्चीवरून पडलेलं माणूस बसण्याआधी काय विचार करतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी अंगातला प्रत्येक धागा आवळून धरला. त्यांनी मला हातानं चाचपलं आणि बसल्या. मी कुरकुरलोसुद्धा नाही. त्यांच्या शेजारी रमाबाई बसल्या, मग नलू, मग आणखी दोघी.

जसिंताबाईंनी माळ हातात घेतली, पण सुरुवात केली नाही. त्यांचं लक्ष गर्दीच्या मागं होतं. दत्ताराम तिथं भिंतीला चिकटून उभे होते आणि त्यांची नजर माझ्यावर होती. पहिली फळी मधोमध मोडली होती, म्हणून ते माझ्या मधोमधच बघत होते. दोन्ही हात थोडे पुढं, म्हणजे पुन्हा तसंच झालं तर धावून जाता यावं.

"दत्ताराम, उभा काय राह्यलास? इथं ये. बस."

"नको वैनी. मी हय बरो आसंय. माझो भार नको त्येका."

"तू बसल्याशिवाय मी सुरू करायची नाय. लोकांना उशीर होतो, बघ."

सगळी वाडी वळून त्यांच्याकडे पाहू लागली. दत्ताराम पुढं आले. रमाबाई सरकल्या, नलू सरकली, आणि जसिंताबाईंच्या शेजारी वीतभर जागा झाली. त्यावर दत्ताराम टेकले, निम्मा भार पायांवर ठेवून. जसिंताबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली तेव्हा कुठं पायातला जोर काढून ते पुरते बसले. मी सगळ्यांना मिळून तोलून धरलं. मग जसिंताबाईंनी डोळे मिटले, रोझरी सुरू केली, आणि मागून वाडीचा आवाज उठला. त्यात एक आवाज मालवणी होता. त्याला शब्द येत नव्हते, पण तो शेवटपर्यंत थांबला नाही.

आता दुपारी ऊन तापलं की माझ्या अंगाला मसाल्याचा मंद वास येतो आणि वाडीतलं एकही कुत्रं माझ्यावर चढत नाही. माझं छान चाललं आहे. कधीतरी मी पुन्हा मोडेन, पुन्हा दळला जाईन. वाख आणखी आखूड होईल, तेव्हा कदाचित बाक होणार नाही, पाट होईन, नाहीतर कुंडी. त्याची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती भिरकावून देण्याची. म्हणून सांगतो, एखादी वस्तू टाकण्याआधी ती कशाची आहे एवढं तरी विचारा, ती कोरडी ठेवा आणि तिचं काही करू शकेल अशा हातात द्या. आणि माणसांचं म्हणाल, तर एखाद्याच्या हातून चूक झाली म्हणून त्याला भिंतीपाशी उभं ठेवू नका. बाकावर जागा असते, मित्रांनो. बसलेल्यांनी थोडं सरकायचं असतं, एवढंच.